कुंकवाचा वेगळा थर

सावेडीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत जयमालाताई जोडफोटो करायच्या. नवरा गेलेला आणि दोघांचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही, अशा बायका दोन वेगवेगळे फोटो घेऊन यायच्या. ताई त्यातला माणूस ब्लेडने कापायच्या, कडा मागून घासून पातळ करायच्या, डिंकाने बाईशेजारी चिकटवायच्या आणि लगेच वरून रूळ फिरवायच्या. मग ब्रशने सांधा बुजवायचा. केडगावहून सायकलवर येणारी ही बाई दिवसभरात चार वाक्यं बोलायची. काउंटरवर बसून तिच्या वाटचं मीच बोलायचे.

सत्त्याण्णव साली मालक गोरक्षशेठांनी कॉम्प्युटर आणला. काही दिवस त्याला नुसती अगरबत्ती ओवाळली. मग ताईंना म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं तर ही खुर्ची तुमची. नाहीतर पुण्याचा मुलगा ठेवावा लागेल. ब्रशचं काम आता संपलं." माझं डोकं सणकलं. ज्या हातांवर दुकान चाललं, त्यांनाच मुदत घालून देत होते. ताई एवढंच म्हणाल्या, "जमवते."

फोटोशॉपवरचं त्यांचं पहिलं मोठं काम पारनेरकडच्या छबूबाईंचं. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी घरात दोघांचा फोटो लागायला हवा होता. गेलेल्या नवऱ्याचा फोटो एकच, दूध सोसायटीच्या लोकांसोबतचा, खांद्यावर शेजाऱ्याचा हात. छबूबाईंचा आम्हीच काढला. ताईंनी तो परका हात पुसला, खांदा नव्याने भरला, दोघांना शेजारी बसवलं. शेठ खूश झाले.

छबूबाई बघायला आल्या. स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपल्या मोकळ्या कपाळाकडे गेला. फोटोतल्या छबूबाईंना ठसठशीत कुंकू होतं. एरवी बायका स्वतःचे जुने फोटो आणायच्या आणि त्यातलं पुसट झालेलं कुंकू ताई ब्रशने उजळायच्या. हाताची ती सवय इथेही चालली होती.

"हे काढा बाई," छबूबाई हळूच म्हणाल्या. "पोरीच्या सासरची मान्सं येनार हायेत. काय म्हनतील?"

आणि ते निघेना. या फोटोशॉपमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर ठेवता येते, त्याला लेअर म्हणतात, हे ताईंना माहीत होतं. पण डिंक लावला की रूळ फिरवायचा, हे हाडात मुरलेलं. प्रत्येक तुकडा बसला की त्या लगेच तो खालच्या थरात मिसळून टाकायच्या. कुंकू कपाळातच मुरलं होतं. केलेलं रद्द करून मागे जायचं तर तेव्हा एकच पाऊल जाता यायचं, आणि कुंकवानंतर कितीतरी पावलं होऊन गेली होती.

"गुरुवारी या," ताई छबूबाईंना म्हणाल्या. त्या गेल्यावर शेठांनी फोन पुढे ओढला. "पुण्याला लावतोच आता."

"गुरुवारपर्यंत थांबा," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेठांनी फोन ठेवला.

ताईंनी निगेटिव्ह ठेवायची पारदर्शक कव्हरं घेतली. एकावर बाई काढली, एकावर पुरुष, तिसऱ्यावर नुसता लाल ठिपका. ती एकमेकांवर ठेवली, मधलं ओढून काढलं, परत सरकवलं. मग कॉम्प्युटरवर सगळं पहिल्यापासून सुरू केलं. हात सवयीने मिसळायला धावायचा आणि त्या मोठ्याने "नाही" म्हणून मागे घ्यायच्या. "हात बांधून ठेवू का?" मी चेष्टेने विचारलं. त्यांनी खरंच हात पुढे केला.

गुरुवारी छबूबाई आल्या. कपाळ मोकळं होतं. "असंच पायजे हुतं," त्या म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. जरा वेळाने विचारलं, "बाई, ते मागचं कुंकू पुसलं का?"

"नाही. वेगळं ठेवलंय," ताई म्हणाल्या. "तुमचा हात कपाळाला गेला होता, म्हणून."

थरांच्या यादीत प्रत्येक नावापुढे डोळ्याची एक बारीक खूण असते. ताईंनी ती दाबली, तसं कुंकू आलं. परत दाबली, गेलं.

"आजून एकदा दाखवा," छबूबाई म्हणाल्या. कुंकू आलं आणि त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मला तिकडे बघवेना. मी उगीच पाकिटं आवरत बसले.

"दोन काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "बिनकुंकवाचा भिताडाला लावते. ह्यो माज्या पेटीत ठेवीन. त्यांनी मला आशीच बघितली हुती."

दोन्ही फोटो पदराखाली घेऊन त्या गेल्या. शेठ खाकरले. "जयमालाबाई, आता सगळे थर एक करून टाका. जागा लई खातात, डिस्क भरत आली."

"नाही शेठ," ताई म्हणाल्या. "त्या बाईंचे थर असेच राहतील. आणि इथून पुढे प्रत्येकाचेच." खुर्चीवरून त्या उठल्या नाहीत.

शेठांनी पुण्याला फोन लावलाच, मोठ्या डिस्कचा भाव विचारायला.