छतातला पाय

आमच्या घराला पोटमाळा होता आणि मला रिकामा वेळ होता. एवढ्या भांडवलावर मी वर खोली काढायचं ठरवलं.

हिंदी मुलखातल्या हरिशंकरपुरम कॉलनीतलं आमचं घर लहान. आमची लेक केतकी बैठकीत बसून नोकरी शोधायची, आणि मागे माझ्या टीव्हीवर बातम्यांतली माणसं भांडायची. तिला स्वतंत्र खोली हवीच होती.

"पडाव चौकातून मिस्त्री बोलवा," नंदा म्हणाली. (नंदा माझी बायको. माझ्या प्रत्येक बेताची पहिली विरोधक!)

"जमीन तर टाकायची आहे! चार तुळया, वर फळ्या. त्यात मिस्त्री कशाला?"

बैठकीचं प्लास्टरचं छत नुसतं शोभेचं, सगळा भार तुळयांनी घ्यायचा, हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. तुळया बसल्याही झकास! फळ्या ठोकायच्या तेवढ्या राहिल्या, तर केतकी म्हणाली, "बाबा, आज माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. ठकठक बिलकुल नहीं!"

"हातोडीला हातसुद्धा लावत नाही!"

शब्द पाळला. खिळे न ठोकता फळ्या नुसत्याच मांडत गेलो. शेवटची फळी तुळईच्या पुढे हातभर आली. आपलं काम जरा लांबून बघावं म्हणून मागे सरकलो आणि नेमका त्या टोकावर उभा राहिलो. फळीचं दुसरं टोक वर उठलं, मी खाली गेलो, आणि माझा उजवा पाय छत फोडून थेट बैठकीत! बाकीचा मी वरच. (तुळईवर. कसा, ते विचारू नका.)

खाली केतकीचा इंटरव्ह्यू चालू होता. मग लॅपटॉपमधून आवाज आला, "मॅडम, आपके पीछे... वो पैर है?"

"जी सर. मेरे पिताजी का. घर में काम चल रहा है."

पाय ओढून घ्यायला गेलो, तर चप्पल निसटून टेबलावर पडली! नंदा धावत आली. "अहो, हलू नका, सगळं छत येईल!" आणि तिनं माझा पाय घट्ट धरून ठेवला. पुढचा इंटरव्ह्यू मी तसाच अडकून ऐकला.

"प्रेशर में काम कर पाएँगी?"

"सर, कर ही रही हूँ."

नोकरी लागली. पुण्याला! खोलीची गरजच संपली. पोटमाळ्यावर आता गाद्या आहेत.

परवा तिच्या ऑफिसात गेलो होतो. "सर, हे माझे बाबा," केतकी म्हणाली. इंटरव्ह्यू घेणारे साहेब लगेच खाली वाकले. काय संस्कार, म्हणत मी आशीर्वादाला हात उचलला. पण ते पाया पडत नव्हते, पाय ओळखत होते!