ज्वारीच्या पिंपातले मगरीचे दात

पाहुणे यायच्या आधी शांतम्मांनी सोफ्यावर नवी चादर टाकली, पंख्याची धूळ पुसली आणि लेकीचा दातांचा डबा ज्वारीच्या पिंपात पार तळाशी पुरला. मग लेकीला बजावलं, "आज दाताचं नाव काढायचं न्हाय. आदीची स्थळं ह्याच्यापायीच गेली."

आता दात हाच सिद्धेश्वरीचा धंदा होता. बाळीवेशीत घराला लागूनच तिची कामाची खोली. सोलापुरातले डेंटिस्ट मापं पाठवायचे आणि ती कवळ्या बनवून द्यायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मगरीच्या दातांबद्दल. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, दगड होऊन गेलेले दात ही बाई मोबाइलवरून मागवायची. पहिला मागवला तो डायनासोरचा म्हणून. हातात आल्यावर तिने भिंग लावलं. मांसखाऊ डायनासोरचा दात बहुतेक चपटा असतो, असं तिने वाचलं होतं. हा तर गोल, बुडाशी पोकळ, आणि टोकापासून दोन्ही अंगांनी एकेक बारीक धार खाली उतरलेली. म्हणजे मगर! दुसरं कुणी असतं तर विकणाऱ्याच्या नावाने शंख केला असता. ही उलट हरखली. मगरीचे दात जन्मभर पडतात आणि जन्मभर नवे येतात, हे कळल्यावर तर तिला त्या जनावराचं फारच कौतुक वाटायला लागलं. तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. शांतम्मांना आधी पोलिसांची भीती होती. ही मगर मरून इतका काळ लोटलाय की तिच्यासाठी कुणी पोलीस येणार नाही, हे लेकीने समजावलं, तेव्हा भीती गेली आणि नुसता वैताग उरला.

पाहुणे टेंभुर्णीचे. मुलगा विरेश, हायवेच्या चौकात टायरचं दुकान. सोबत त्याची आई महादेवी. त्या पदर तोंडाशी धरून मोजकंच बोलत होत्या. शेंगापोळीचा तुकडा मोडला आणि तसाच बशीत ठेवला. शांतम्मांनी मनातल्या मनात ओळखलं की मुलगी काही पसंत पडलेली नाही. सिद्धेश्वरीला हे दिसलंच नाही. ती मान खाली घालून बसली होती, आणि मान वर केलीच तर विरेशकडेच बघत होती. खरं सांगायचं तर तो तिला आल्या आल्याच आवडला होता.

चहा झाला आणि विरेशने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"मधल्या माणसानं सांगितलं, तुमाला ह्याचा नाद हाय. म्हणून मोबाइलवर शोधून मागवला. मगरीचा हाय म्हणत्यात."

शांतम्मा छताकडे बघायला लागल्या. सिद्धेश्वरीने मात्र पुडी दोन्ही हातांत घेतली. आजवर लोकांनी तिला दात आणून दिले ते दुरुस्तीला. खास तिच्यासाठी म्हणून कुणी आणलेला हा पहिलाच. तो खरा निघावा असं तिला फार फार वाटलं.

"उजेडात बघून येते," म्हणत ती कामाच्या खोलीत गेली. आणि तिथे घोटाळा झाला. त्या खोलीत शेवटी हातात आलेला दात बफच्या फिरत्या चाकावर धरायचा, चकचकीत करायचा आणि मगच बाहेर द्यायचा, ही हाताची वर्षानुवर्षांची सवय. मन विरेशपाशी होतं, हात नेहमीच्या कामाला लागले. मोटर कधी चालू केली ते तिचं तिलाच कळलं नाही. प्राचीन दाताला पॉलिश! जीभ चावून तिने तो मागे घेतला, पण तोवर वास आला होता. तापलेल्या ॲक्रिलिकचा. ज्या मसाल्याच्या ती कवळ्या करायची, त्याच मसाल्याचा हा दात कुणीतरी साच्यात ओतला होता.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "छान आहे" म्हटलं की विषय संपत होता. आईनेही तेच सांगितलं असतं. चारचौघांत, त्यातून त्याच्या आईसमोर, त्या माणसाला फसलास म्हणून कसं सांगायचं? उठून गेला तर? पण हा दात डब्यात इतर दातांशेजारी ठेवायचा आणि तो विचारेल तेव्हा तेव्हा हसून खोटं बोलायचं, हे तिला जमणार नव्हतं. ती बाहेर आली.

"हा मगरीचा नाही," ती म्हणाली. "ॲक्रिलिकचा आहे. आणि चुकून मी त्याला पॉलिशही केलं."

"अय्यो शिवा," म्हणत शांतम्मांनी कपाळाला हात लावला.

विरेशचे कान लाल झाले. त्याने दात घेतला, उलटासुलटा केला, नाकाशी नेला.

"घासल्यावर कळलं व्हय?"

"वासावरून."

"अव्वा, हे तर आपल्या दुकानासारखंच की!" आईकडे वळून तो मोठ्याने हसला. "जुन्यावर रबर चढवून रिमोल्ड केलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारत्यात. आमी बी घासतो आन वास घेतो. टायरात मी न्हाय फसत, पर दातात फसलो बघा! मग खरा कसा असतोय? दाखवा की."

सिद्धेश्वरीने आईकडे बघितलं. आईने पिंपाकडे बघितलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. नवी साडी खोचून सिद्धेश्वरीने खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला. निम्मी ज्वारी फरशीवर सांडली, विरेश ती गोळा करायला खाली बसला आणि डबा वर आला. मग काय विचारता! हा मोरोक्कोचा, हा टोक झिजलेला, हा दोन तुकडे डकवून विकलेला. विरेश एकेक दात बोटांत फिरवत होता, धार सापडली की लहान मुलासारखा खूश होत होता. शांतम्मांनासुद्धा हसू आवरेना.

आता महादेवी पुढे सरकल्या. त्यांनीही एक दात उचलला, अंगठ्याने चाचपला. "लागली. धार लागली," त्या पदराआडून पुटपुटल्या. मग भिंतीकडे तोंड फिरवलं, पदराआड काहीतरी केलं आणि वळून सिद्धेश्वरीच्या तळहातावर, मगरीच्या दाताशेजारी, आपली वरची कवळी ठेवली.

विरेश बघतच राहिला. आईने कुणापुढे कवळी काढलेली त्यानेही कधी पाहिली नव्हती.

"लई टोचती गं," महादेवी बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "एवडी चांगली शेंगापोळी, पर खाता येईना. लग्नाआदी नवी बसवून दे, न्हायतर पंगतीत मी खाऊ काय?"