दाराचं माप

कंपनी नीट चाललेली असली की तिच्याबद्दल सांगायला कुणाकडे काही नसतं. पगार झाला, बस आली, घरी गेलो. यात किस्सा कसला? तीच कंपनी मोडायला लागली की प्रत्येकाकडे दोन-चार जमतात. मुकुंदवाडीत टपरीवर आम्ही वाळूज एमआयडीसीतले जुने लोक चहाला बसलो की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. ‘मला आधीच कळलं होतं,’ असं जो तो म्हणतो. सगळं खोटं. कळलं होतं ते फक्त मला, आणि मी गप्प बसलो होतो.

* * *

पॅकिंगचा वाघमारे रोज दहा मिनिटं उशिरा यायचा आणि रोज सुपरवायझरच्या शिव्या खायचा. एक दिवस शिव्या थांबल्या. ‘या वाघमारे, चहा घेतला का?’ वाघमारे इतका खूश, की त्याने आम्हाला भजी खाऊ घातली.

गेटवरच्या सलीमभाईंनी भजी घेतली नाहीत. म्हणाले, “जिसको रखना है, उसकोच डाँटते मियाँ.”

महिनाअखेरीला वाघमारेच्या हातात पत्र पडलं.

* * *

त्यानंतर कुणी ओरडलं की आम्हाला बरं वाटायचं! सुपरवायझर तावातावाने बोलत असला की माणसं मान खाली घालून, समाधानाने ऐकायची.

* * *

मी स्टोअरला होतो. दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी सेफ्टी शूजसाठी मापांची यादी माझ्याकडे यायची. त्या वर्षी यादीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपचं एकही नाव नव्हतं. मी दोनदा पाहिलं. भानुदासचंही नव्हतं.

भानुदास माझा बसमधला शेजारी. पैठण रोडच्या एका गावातून आलेला, अठरा वर्षं एकाच प्रेसवर. त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटला होता, सुतळीने बांधून यायचा. मी त्याला स्टॉकमधला एक जुना जोड काढून दिला आणि म्हटलं, नवे यायला वेळ आहे. तो मला थँक्यू म्हणाला.  त्याची थोरली पोरगी बारावीला होती, आणि ‘यादीत तुझं नाव नाही’ हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

* * *

मग एक तरुण इंजिनिअर वही घेऊन भानुदासमागे लागला. प्रेस कशी चालवतोस, सगळं सांग, मी लिहून घेतो. ती प्रेस जुनी होती, लहरी होती, भानुदास सोडून कुणाच्या हाताला नीट लागत नसे. आम्ही सगळ्यांनी त्याला बजावलं, तोंड उघडलंस की गेलास. तेवढीच तर तुझी नोकरी आहे.

भानुदासने इंजिनिअरला सांगितलं, “हाताला कळतं साहेब, बोलता येत नाय.”

महिनाभर वही कोरी राहिली.

* * *

एक दिवस प्रेसला रंग लावायला स्टोअरमधून डबे गेले. भानुदासने स्वतः ब्रश घेतला. मशीनला रंग लावतात म्हणजे शॉप चालू ठेवणार, असा त्याचा हिशेब. रंग वाळला तसे दोन पाहुणे आले. त्यांनी टेप काढून प्रेसची लांबी, रुंदी, उंची मोजली. भानुदासने टेपचं दुसरं टोक धरलं.

मग त्यांनी शॉपचं दार मोजलं.

त्या दिवशी तो बसमधून उतरताना एवढंच म्हणाला, “यादी तुझ्याकडं आली असंल ना?”

मी मान डोलावली.

“व्हय,” तो म्हणाला. “मग नवे बूट कशाला.”

* * *

खंडेनवमीला त्याने नेहमीसारखी प्रेसची पूजा केली. झेंडूचा हार, कुंकू, नारळ. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ट्रेलर आला. भानुदासचं पत्र तोवर त्याच्या खिशात होतं.

ट्रेलरबरोबर नव्या मालकाचा ऑपरेटर आला होता, आमच्याच वयाचा, गप्प माणूस. मला वाटलं, बरं झालं. आता बसू दे यांना महिनाभर खटपट करत! ट्रेलरवर चढवलेल्या प्रेसवर कुंकवाचं बोट अजून दिसत होतं.

भानुदास त्या माणसाजवळ गेला. “तुम्हीच चालवणार का?”

माणूस हो म्हणाला.

भानुदास ट्रेलरवर चढला. प्रेसच्या उजव्या अंगावर हात ठेवून सांगायला लागला. “सकाळी पयले दहा ठोके रिकामे मारा. लगेच पत्रा देऊ नका. थंडीत इथं कुरकुर करती, भ्यायचं नाय. क्लच लई हळू सोडायचा.” माणसाने पुठ्ठ्याचा तुकडा फाडून घेतला आणि लिहायला लागला. अर्धा तास भानुदास बोलत होता. आमचा वहीवाला इंजिनिअर दारात उभा राहून ऐकत होता.

ट्रेलर सुरू झाला, तसा भानुदास पुन्हा केबिनजवळ धावत गेला. त्याने त्या माणसाला विचारलं,

“तिकडचं दार मोजलंय ना?”