सोलायला बोलावणे नसते

जिच्या हाती पळी आहे आणि जिच्या दारी प्रत्यक्ष शंकरही भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, त्या अन्नपूर्णेला वंदन करून या चार ओळी लिहितो. निमित्त आजींच्या वर्षश्राद्धाचे. आजी माझ्या नात्याच्या नव्हत्या, गोत्राच्या नव्हत्या, देशाच्याही नव्हत्या. त्रिनिदाद बेटावर जन्मल्या, जर्सी सिटीत म्हाताऱ्या झाल्या आणि आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहिल्या. त्यांची नातवंडे त्यांना 'आजी' म्हणत. ऊसमळ्यांत राबायला नेलेल्या पूर्वजांनी जी थोडी भाषा बोटीतून सोबत नेली, तिच्यातला हा एक शब्द उरला होता. माझी नात ईरा प्रथम रुसली. "आजोबा, हाऊ कम त्यापण आजी?" पुढे ईराच त्यांना आजी म्हणू लागली आणि तिच्यामागून आम्ही सगळे.

आजींचा एक विलक्षण स्वभाव होता. जेवायला त्या अख्ख्या इमारतीला बोलावत, पण कामाला कुणाला म्हणजे कुणाला बोलावत नसत. वाण्याच्या पिशव्या लिफ्टपाशी टेकवून दम खात उभ्या राहतील, पण जाणाऱ्या-येणाऱ्याला "जरा धरता का" म्हणणार नाहीत. कुणी आपण होऊन पिशवी उचलली, तर मात्र नको म्हणत नसत. आभारही मानत नसत. जणू त्या माणसाने स्वतःचीच पिशवी उचलली आहे.

आमची ओळख कपडे धुण्याच्या खोलीत झाली. पत्नी गेल्यावर मुलाने मला इकडे आणले. नव्या देशात रुजण्याचे ते वय नव्हते. सकाळी मुलगा आणि सूनबाई मॅनहॅटनच्या गाडीने जात, ईरा शाळेला जाई, आणि मी यंत्रात फिरणाऱ्या कपड्यांसमोर बसून पुटपुटत नामस्मरण करी. आजींनी ते ऐकले. त्या त्रिनिदादच्या सानुनासिक, हेलकावे खाणाऱ्या इंग्रजीत बोलत. त्यांचे बोलणे मी माझ्या भाषेत देतो. "बाबा, मंत्र येतात का तुम्हाला?" मी आयुष्यभर संस्कृत शिकवले असल्याचे सांगितले. "मग बरं झालं. आमचे पंडित फ्लॉरिडाला गेले. माझ्या नवऱ्याच्या भंडाऱ्याला तुम्हीच या." भंडारा म्हणजे मृताच्या नावाने घातलेले जेवण. पतीच्या पुण्यतिथीला त्या तो दरवर्षी घालत.

मी ठरल्या वेळी, स्नान करून, उपरणे घेऊन गेलो. संकल्प झाला, पाठ झाला, पाने मांडली गेली. केळीच्या पानासारखेच, पण अधिक गोलसर असे एक पान. ते लोक त्याला सोहारी म्हणतात. त्यावर भात, डाळ, भोपळ्याची भाजी आणि मध्यभागी एक तपकिरी, रेशाळ, नारळाच्या दुधात आटवलेली भाजी. तिचा वास घेताच मला कोकणातले माझे घर आठवले, आणि तरी हा फणस नव्हे हेही कळले. "ही शटाईन," आजी म्हणाल्या. "ही नसेल तर भंडारा नाही. नुसती पार्टी." मी विचारले, "एवढे सगळे आपण एकट्यांनी केले?" त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. "सोलणं काल संध्याकाळी होतं, बाबा. तुम्ही आला नाहीत." "पण मला कुणी सांगितले नाही!" "खायला बोलावतात. सोलायला बोलावणं नसतं."

हे शटाईन फळ नीरफणसाच्या कुळातले. वरून मऊ काटे, आत गऱ्यांऐवजी चिंध्यांसारखा गर आणि त्यात दडलेल्या अनेक बिया. फणसाप्रमाणे हातांना तेल लावूनच ते फोडावे लागते, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. पण फणस एकटा माणूस फोडू शकतो. शटाईनचे तसे नाही. साल काढायची, पाव म्हणजे मधला दांडा काढायचा, प्रत्येक बी वेगळी करून तिचे टरफल आणि आतले सालपट सोलायचे, आणि गर बोटांनी धागा धागा ओढून मोकळा करायचा. कापलेले फळ लवकर काळवंडते, म्हणून ते मिठाच्या पाण्यात टाकत राहायचे. भंडाऱ्याएवढी भाजी करायची तर अनेक हात लागतात. आजींच्या गावात कुणाकडे लग्न वा मर्तिक असले की आदल्या संध्याकाळी शेजारी आपापली सुरी घेऊन येत. निरोप धाडण्याची रीत नव्हती. कोण आले यावरून त्या घराने माणसे किती जोडली ते कळे. "आणि कोण आलं नाही, तेही कळायचं," आजी डोळा बारीक करून म्हणत.

दुसऱ्या वर्षापासून मी सोलायला जाऊ लागलो. तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून त्यांच्या गावच्या बायका येत. थट्टामस्करी चाले, भोजपुरी गाण्यांचे तुटके चरण कुणीतरी म्हणे. मी लसूण खात नाही हे कळल्यावर आजींनी कपाळाला हात लावला. "लसणावाचून? बाबा, तुमच्या देवाला सर्दी होत असेल!" पण माझ्यासाठी लहान पातेल्यात वेगळी शटाईन शिजे, आणि त्या पातेल्याला दुसऱ्या कुणाचा डाव लागलेला त्यांना खपत नसे. मसाला तेलात परतताना त्या मला बोलावून घेत. "बघा, आता तेल सुटलं. आता फळ. घाई करणाऱ्याची शटाईन दातात अडकते."

वर्षे गेली. क्वीन्सच्या बायका एकेक करून थकल्या. कुणी मुलाकडे दूर गेल्या, कुणी देवाघरी. इमारतीतले तरुण तर सदा धावते. सूनबाईच्या मैत्रिणी एकमेकींकडे जातानाही आधी फोन करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही; कामावरून सुटलेल्या माणसाला दार उघडायचेही त्राण नसते. मुग्धाने, म्हणजे आमच्या सूनबाईने, एकदा सुचवलेही, "आजी, मी ग्रुपवर मेसेज टाकू का? पाच-सहा जण तरी येतील हेल्प करायला." आजी म्हणाल्या, "येतील गं. पण मग ती कामाला बोलावलेली माणसं. कामाला बोलावलेला माणूस घड्याळ बघतो." आजींचा मुलगा रवी क्वीन्समध्ये राही. तो म्हणाला, "मम्मी, रेडीमेड ऑर्डर करू ना. सोललेलं, शिजवलेलं, सगळं मिळतं." "ते लोक खातील," आजी म्हणाल्या, "तुझा बाप खाणार नाही."

अखेरच्या वर्षी सोलायला मी एकटा होतो. रवीला कामावरून सुटी नव्हती, मुग्धा दौऱ्यावर. आजींची बोटे संधिवाताने मिटेनाशी झाली होती. सुरी धरली की निसटे. आम्ही दोघे म्हातारे वर्तमानपत्रे अंथरून बसलो. मी सोलत होतो, त्या गर ओढत होत्या, आणि दोघांनाही एकमेकांची गती दिसत होती. बरेच फळ काळवंडून गेले. शेवटी त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "बाबा, त्यांच्यासाठी निदान आपण दोघं बसलो. माझ्या वेळी कोण बसेल?" मी काहीतरी धीराचे बोलणार होतो, पण त्यांनी हात वर केला. "वचन द्या. माझ्या भंडाऱ्याला कुणाला सोलायला बोलावू नका. कुणी आलं तर शटाईन करा. नाही आलं तर डाळभात वाढा. माझी तक्रार नाही. पण विकतची आणून माझ्या पानावर ठेवू नका. मला कळू दे कोण आलं ते." मी वचन दिले. या वयात दिलेले वचन जड असते. ते फेडायला आपण उरू की नाही, हेही ठाऊक नसते.

त्या शरदात आजी गेल्या. झोपेत, कुणालाही न बोलावता.

आजींच्या तेराव्याच्या भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी रवी फळे घेऊन आला. हंगाम सरत आला होता. बरीच दुकाने धुंडाळून त्याने ती मिळवली होती. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "बाबा, तुमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाका ना. लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील." मी त्याला वचनाची गोष्ट सांगितली. तो चिडला. "अंकल, धिस इज नॉट अ व्हिलेज! इथे कोण असं येतं? उद्या मम्मीच्या पानावर शटाईन नसेल, आणि मी ते बघत बसू?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. एक वाक्य लिहिले असते तर काम झाले असते, हे मलाही कळत होते. मी इतकेच म्हणालो, "बाळा, सुरी आण." तो आत गेला आणि सुरी घेऊन आला.

आम्ही दोघे आजींच्याच घरात बसलो. रवीला बी सोलता येत नव्हती. लहानपणी या कामातून पळून जायचो, असे तो म्हणाला. इतर बिऱ्हाडांची दारे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत, आणि दर आवाजाला तो मान वर करी. मग मुग्धा आली. स्टेशनवरून सरळ, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र तसेच. "बाबा, तुम्ही घरी नव्हता, म्हणजे इथेच असणार म्हटलं." तिने हात धुतले, तेल लावले आणि बसली. तिला कुणी काही सांगितले नव्हते.

त्यानंतर आल्या त्या समोरच्या दारातल्या लूझबाई. रुग्णालयात परिचारिका, आजींच्या शेवटच्या आजारात रोज डोकावणाऱ्या. आजींचे एक पातेले परत करायला म्हणून दारात उभ्या राहिल्या, आणि वर्तमानपत्रावरचे फळ पाहून ओरडल्याच. "कमान्सी! अहो, ही आमच्या बेटावरची कमान्सी!" त्या फिलिपिन्सच्या. त्यांच्या आईनेही हेच फळ नारळाच्या दुधात शिजवले होते, आणि देश सोडल्यापासून ते त्यांनी पाहिले नव्हते. इतकी वर्षे समोरासमोर राहून दोघींना हे कळले नव्हते, कारण भंडाऱ्याच्या जेवणाला बाई दर वेळी ड्यूटीवर असत, सोलायला आजींनी कधी बोलावले नाही आणि बाईंनी कधी विचारले नाही. त्यांनी पायातल्या चपला दाराशी काढल्या, रवीच्या हातातली सुरी घेतली आणि म्हणाल्या, "असं धरतात का? सरक तिकडे." रवी सरकला. आई गेल्यापासून तो प्रथमच हसला, आणि हसता हसता त्याला रडू आले. लूझबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्या बिया सोलत राहिल्या.

आणखी कुणी आले नाही. चार जणांच्या हातची शटाईन भंडाऱ्याला पुरी पडली नाही. दुसऱ्या दिवशी माणसे पुष्कळ जमली आणि प्रत्येकाच्या पानावर चमचाभरच वाढता आली. काही पाहुण्यांनी "अजून मिळेल का" असे विचारले. रवीने हात जोडले. पण आजींच्या पानावर ती होती, मधोमध, आणि ती कोणी सोलली ते मी संकल्पात उच्चारले. चार नावे. आजींना अपेक्षा होती त्याहून तीन अधिक, असे मला वाटते. त्या दिवशी मी अत्यंत थकलो होतो. तरी पानावरून उठावेसे वाटेना.

त्यानंतर माझ्यात एक फरक पडला आहे. मुलाला तो फारसा पसंत नाही. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या तरुण जोडप्याकडे बातमी आली: त्या तरुणाचे वडील गेले. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे त्याला अंत्यदर्शनालाही जाता येईना. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांना स्पेस देऊ या. एक मेसेज करतो." मी काठी घेतली आणि वर गेलो. दार उघडायला तो तरुणच आला, सुकलेल्या चेहऱ्याचा, हातात फोन. "काका? तुम्ही कॉल केला होता का? सॉरी, मी मिस केला असेल."

"नाही केला," मी म्हणालो, आणि आत जाऊन त्यांच्या ओट्यापाशी उभा राहिलो. पिशवीत भाजी तशीच पडलेली होती. त्याची बायको म्हणाली, "काका, अहो तुम्ही बसा, मी करते ना." मी ताट आणि सुरी मागून घेतली, स्टुलावर बसलो आणि दोडक्याच्या शिरा काढू लागलो. काही वेळाने तो मुलगा समोर खाली बसला. वडिलांना दोडका मुळीच आवडत नसे, असे म्हणाला. मग वडिलांविषयी बोलू लागला. मी शिरा काढत होतो आणि ऐकत होतो. पाठ दुखत होती. घाई नव्हती.

वाचकहो, तुमच्या घरी धान्य असो, चूल पेटती असो, पितर तृप्त असोत. मंगल प्रसंगी तुमच्या पंक्तीला बोलावलेली माणसे उदंड येवोत. आणि जड दिवसांत, तुम्ही तोंडातून शब्दही काढण्यापूर्वी, हात धुऊन तुमच्याजवळ बसणारे एक तरी माणूस भगवंत तुमच्या दारी धाडो. शुभं भवतु.