सिरसाळ्याच्या वरातीतला काटेरी लगाम
गंजक्या लोखंडाचा वास आला की मला सिरसाळ्याची ती वरात आठवते आणि डोकं सणकतं. चुलतभावाचं लग्न होतं. मी तेव्हा पुण्यात ड्रेसाजची प्रशिक्षक होण्यासाठी शिकत होते. घोड्याला हलक्या इशाऱ्यांवर तालात चालवायची ही विद्या. तिथे आम्हाला आधी लगामाची तोंडात जाणारी कडी स्वतःच्या मुठीत धरायला लावायचे आणि दुसऱ्याला वादी ओढायला सांगायचे, म्हणजे घोड्याच्या तोंडाला काय होतं ते आपल्या हाताला कळतं. इथे मात्र ताशाच्या कडकडाटात पांढरी घोडी मागच्या पायांवर उभी राहत होती आणि तिच्या तोंडातून लालसर फेस गळत होता. "काय गं मास्तरीण, आमची घोडी बिनशाळेची किती नाचती बघ!" नवरदेवाचे मामा म्हणाले. ते गावचे पुढारी. मी नवरदेवाला खाली उतरवलं, लगाम काढला, तर गंजक्या कडीला सगळे काटेच. "मामा, हे धरा मुठीत," म्हटलं आणि वादी जराशी ओढली. "अगं ए, सोड! लई टोचतंय!" मामा ओरडले आणि तळहात चोळत राहिले. लोक अजाणतेपणी क्रूर वागतात, असं घोड्यांच्या छळाविरुद्ध आम्ही वाटायचो त्या पत्रकात छापलेलं असायचं. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. तेवढ्यात मामा घोडीवाल्याला म्हणाले, "घाल बे परत तोंडात. टोचल्याबिगर नाचंल का ती?" आणि त्याने घातला. आज मी प्रशिक्षक आहे, पत्रकंही अजून वाटते. पण अजाणतेपणाचं ते वाक्य मी पुन्हा छापू दिलेलं नाही.