सैल पडलेली सॉकेटं

हवालदार कधीच पोलिसात नव्हता. रेडिओ दुरुस्त करता करता यंत्रं बनवायला लागलेला साधा माणूस. पण बायकोने एकदा चिडून हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की शेजारीपाजारीही त्याच नावाने हाक मारायला लागले. माणूस वाईट नव्हता हो, फक्त अतोनात संशयी. कुलूप लावून ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. बायकोने "दूध ताजं आहे" म्हटलं तरी भांड्यात नाक खुपसायचाच. "मलाही हुंगून बघा एकदा, नासले असेन!" असं ती म्हणायची. तो हसायचा आणि दूध हुंगायचा.

घराच्या मागच्या खोलीत त्याचा आणि धाकट्या बहिणीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक खुर्ची, एक स्टूल आणि सोल्डरिंगचा वास. कोंबडीची अंडी उबवायच्या पेट्या असतात ना, त्यांची ऊब कमीजास्त होऊ नये म्हणून लागणारं यंत्र ही दोघं बनवत. मोठा सर्किट बोर्ड बहिणीने स्वतः आखलेला. यंत्राचा मेंदू मात्र बाजारातून आणलेला, काडेपेटीएवढा तयार बोर्ड. त्याच्या दोन्ही कडांच्या पिना मोठ्या बोर्डावरच्या सॉकेटांत दाबून बसवायच्या, म्हणजे बिघडलाच तर उपटून दुसरा लावता येतो. सॉकेटांच्या दोन्ही रांगा वाकड्या बसू नयेत म्हणून ती छोटा बोर्ड आधी त्यांत खोचायची आणि मगच सोल्डरिंगचे डाग द्यायची. हात इतका सफाईचा की बघत राहावं. तपासणं आणि खोक्यात भरणं हे हवालदाराचं काम.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि माशी शिंकली. उबवणी केंद्राच्या शेठकडून यंत्रं परत यायला लागली. तिथे खोकं उघडून लावलं की यंत्र ढिम्म, इथे टेबलावर जरा चाचपलं की चालू! एका पेटीतली सगळी अंडी थंड पडून वाया गेली, तेव्हा शेठने सांगून टाकलं, "अजून एकदा असं झालं तर आपला राम राम." तेच एक मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की भावाबहिणीच्या धंद्याला टाळंच लागणार होतं.

हवालदाराच्या मनात पाल चुकचुकली. तपासलं तर मी, डोळ्यांत तेल घालून तपासलं. मग बिघडतं कुठे? आणि ही बहीण हल्ली फोन घेऊन बाहेर का जाते? मी दारात दिसलो की "बरं, ठेवते" म्हणून फोन का ठेवते? त्यातच शेजारणीने बातमी आणली की पलीकडच्या मोठ्या कारखान्यातला माणूस बहिणीच्या घरी येऊन गेला, चांगला चहा पिऊन गेला. झालं! हवालदाराने सगळं जुळवूनच टाकलं. हिला तिकडे जायचंय, आणि जाण्याआधी धंदा बुडवून जायचंय, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही.

तेव्हापासून तो यंत्रावर जास्तच नजर ठेवायला लागला. छोटा बोर्ड तो आधीपासूनच उपटायचा, खालचे डाग बघायचा, परत दाबायचा. आता जेवून आला की पुन्हा. खोकं बंद करायच्या आधी पुन्हा. बहीण एकदा म्हणालीसुद्धा, "दादा, सारखा उपटू नकोस रे त्याला."

"का? खाली काय लपवलंयस?"

ती गप्प बसली. अहो, गप्प बसली म्हणजे आतून काळीच असणार! पुढच्या खेपेतलीही काही यंत्रं परत आली, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"स्वस्तातली सॉकेटं लावतेस ना? कोणाच्या सांगण्यावरून? त्या कारखान्यातल्या माणसाच्या?"

"दादा, काय बोलतोयस तू?"

"तिकडे जायचंय तर उघड जा. त्यांचीच हो. पण माझ्या ताटात माती कालवून जाऊ नकोस."

तिने हातातली सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली, बटण बंद केलं, पर्स उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. बायको म्हणाली, "जा, समजूत काढा तिची." हा म्हणाला, "आधी पुरावा काढतो."

आणि बसला की पुरावा काढायला! परत आलेलं यंत्र घेतलं, हलवलं, तर दिवा गेला. छोटा बोर्ड बोटाने दाबला, दिवा आला. हवालदार खूश. सॉकेटच सैल! मग त्याने बहिणीच्या खणातून त्याच जातीचं कोरं सॉकेट काढलं आणि छोट्या बोर्डाची एक कड त्यात दाबली. ओढून बघितली, तर सुटेना. नखं दुखली तरी सुटेना. म्हणजे माल स्वस्तातला नव्हता. मग तेच सॉकेट लावलेलं हे यंत्र सैल कसं?

बोर्ड एकदाचा सुटला. त्याने परत दाबला, परत उपटला. सवयीचा हात, चालतच राहिला. बघता बघता बोर्ड लोण्यात सुरी जावी तसा आतबाहेर व्हायला लागला, आणि हवालदाराचा हात थांबला. कोऱ्या सॉकेटपासून बंद खोक्यापर्यंत हा बोर्ड इतक्या वेळा उपटणारं घरात दुसरं कोण होतं?

तरी खोड जाते का? त्याने शेठला फोन लावून आडून आडून विचारलं, आमची ताई तुमच्याशी काही बोलली का म्हणून.

"ताई? त्यांचाच तर रोज फोन असतो," शेठ म्हणाले. "छोटा बोर्ड दाबून कसा बसवायचा ते सांगतात. त्यांनी सांगितल्यापासून बाकीची यंत्रं चाललीत की! म्हणूनच अजून राम राम केला नाही तुम्हाला. म्हणाल्या, चूक माझ्या हातची आहे, पण दादाला सांगू नका, तो जीव टाकून तपासतो, त्याला झोप लागायची नाही."

हवालदाराने चपला घातल्या आणि दाराला कुलूपही न लावता सुटला.

बहीण घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला. "सॉकेटं मीच सैल केली," तो म्हणाला. "उपटून उपटून. तुझा काही दोष नव्हता."

"माहीत आहे."

"मग मला झापलं का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलो. उद्यापासून ये. मी हात लावणार नाही यंत्राला, शप्पथ."

तिने हातातली घडी पूर्ण केली. "उद्यापासून मी त्या कारखान्यात जातेय, दादा."

"म्हणजे तो माणूस खरंच..."

"तो आला होता तेव्हा चहा पाजून, नाही म्हणून परत पाठवला होता त्याला. दादाला सोडून कशी येऊ म्हटलं. तू 'त्यांचीच हो' म्हणालास, मग मीच फोन केला."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ही खोटं बोलत असेल, आपल्याला धडा शिकवायला नुसती घाबरवत असेल, अशी जराशी तरी शंका यावी म्हणून बघत राहिला. आयुष्यभर न बोलावता आलेली शंका त्या दिवशी काही केल्या आली नाही.