एकतीस नंबरचा उंबर

येळवसेला आम्ही शेतात जेवतो. थंडीतल्या या अमावास्येला कडब्याची खोप करून आत पाच दगड पुजतात. मग घरातला थोरला उभ्या ज्वारीवर अंबील शिंपडत अनवाणी फेरी घालतो. वडील गेल्यापासून हे काम माझं. त्यासाठी मी दरवर्षी जुळे सोलापुरातून अक्कलकोटकडच्या आमच्या शेतात जातो. शेत धाकटा भाऊ कसतो. सातबाऱ्यावर नावं दोघांची.

फेरी ओढ्याशी संपते. तिथं जमीन खोलगट होते आणि काठाला करंज, जांभूळ दाटले आहेत. वाट सपाट, दहा मिनिटांची. उरलेली अंबील मी शेवटच्या उंबराच्या बुंध्याशी ओततो.

यंदा भावानं तांब्या हातात देताना सांगितलं, "दादा, पिकातच शिंपड. वढ्याकडं नको जाऊ, लई चिखल हाय."

"थंडीत चिखल?"

"हाय की. शहरात बसून तुला काय कळणार!"

भावजय चुलीकडे बघत राहिली.

मी गेलो. पायांना चिखल लागला नाही. पाणी घोट्याएवढं, नितळ होतं. पहिल्या करंजावर तांबड्या रंगात एकचा आकडा होता, पुढच्यावर दोनचा. मी आकडे वाचत चालत राहिलो. उंबरावर एकतीस.

भाऊ मागोमाग आला होता.

"तोडायची परवानगी कुणी दिली?"

"तूच. दिवाळीत सही केलीस की."

दिवाळीत त्यानं फराळाच्या ताटाशेजारी तीन कागद ठेवले होते. वर्तमानपत्रात असताना दुसऱ्याचं लिहिलेलं दोनदा वाचल्याशिवाय मी पान छपाईला सोडलं नाही. ते कागद भावानं आणले म्हणून वाचले नाहीत.

"पाइपलाइनचे म्हणाला होतास."

"पाइपलाइन हितनंच जाणार हाय. अन् सावलीत ज्वारी येत न्हाय. खरं सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

"नाही."

"मग?"

आवाजात लाज नव्हती. एक अडचण सुटल्यासारखा तो बोलत होता.

मी तांब्या उंबराशी रिकामा करून त्याच्या हातात दिला. "उद्या तालुक्याला जाऊन संमती मागं घेतो."

"उद्या रविवार हाय, दादा. कचेरी बंद. तोड सकाळीच हाय."

येळवसेला शेतातून कुणी न जेवता जात नाही. खोपीपाशी भावजयीनं माझं ताट वाढून ठेवलं होतं. मी चपला घातल्या आणि एसटीच्या रस्त्याला लागलो.